परदेशात जन्मलेल्यांच्या नकाशात एस्टोनिया अमेरिकेइतका गडद का?

तुम्ही विचारलंय की कोणत्या देशात किती टक्के लोक परदेशात जन्मलेले आहेत हे दाखवणाऱ्या जगाच्या नकाशात एस्टोनियासारखा चिमुकला देश अमेरिकेइतका गडद कसा, आणि भारत जवळजवळ पांढरा का. मी शाळेत भूगोल शिकवते. हा नकाशा भिंतीवर लावला की मुलंही नेमकं हेच विचारतात.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या आकडेवारीत दोन्ही देश १५ टक्क्यांच्या आसपास आहेत. अमेरिकेतले हे लोक सीमा ओलांडून आलेले. एस्टोनियातले बहुतेक जण आले तेव्हा ओलांडायला सीमाच नव्हती. देश सोव्हिएत संघाने गिळला होता. महायुद्धानंतर रशिया, युक्रेन, बेलारूसमधून कारखान्यांसाठी माणसं आली, ती कागदोपत्री देशातल्या देशातच हलली. १९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि तीच माणसं, त्याच घरात राहून, परदेशात जन्मलेली ठरली. लाटव्हियाचंही तेच.

आखातात मोजमापच वेगळं. संयुक्त अरब अमिराती ८८ टक्के दिसते, पण तिथला आकडा जन्मस्थानावरून नाही, नागरिकत्वावरून काढलेला असतो. दुबईत जन्मलेलं, तिथेच शाळेत जाणारं मराठी मूल भारतीय पासपोर्टमुळे त्या ८८ टक्क्यांत धरलं जातं. अमेरिकेत जन्मलेलं मूल मात्र धरत नाहीत, आणि भारतात जन्मलेली, पण फार पूर्वीच अमेरिकन नागरिक झालेली त्याची आई धरतात. रंगपट्टी एकच, मापं दोन. म्हणून रंग बघण्याआधी नकाशाखालची टीप वाचा.

आता भारत. माझी आजी १९३३ साली कराचीत जन्मली. पणजोबा तिथे बंदरात कारकून होते. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे पुण्याहून कराचीला बदली होण्यात कुणाला परदेश वाटत नसे. आजी सहा वर्षांची असताना सगळे पुण्याला परतले. २००१ च्या जनगणनेला एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. जन्मस्थानाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. आजी म्हणाली, "मुंबई इलाखा लिहा." बाई अवघडल्या. "आजी, आज ते जिथे आहे त्या देशाचं नाव लिहावं लागतं हो." रकान्यात पाकिस्तान पडलं. आजी त्या दिवशी जेवताना फारसं बोलली नाही. मला आजही त्या नकाशावर भारत दिसला की तिचा तो चेहरा दिसतो.

फाळणीत घरदार सोडून आलेले, उल्हासनगरच्या छावण्यांत उतरलेले सिंधीही याच रकान्यात आहेत. भारतातला हा आकडा १९९० मध्ये सुमारे ७६ लाख होता, २०२० मध्ये ४९ लाखांच्या आसपास आला. नुसते आकडे बघितले तर वाटेल लोक परत गेले. त्यातला मोठा भाग कुठेच गेलेला नाही, ती पिढी सरत आली आहे. आणि ४९ लाख म्हणजे काही थोडे नव्हेत. अमिरातीतल्या सगळ्या परदेशी लोकांच्या निम्म्याहून जास्त होतात. भागायचं मात्र जवळजवळ १३८ कोटींनी, म्हणून भारत पांढरा.

स्वतः नकाशा करणार असाल तर टक्केवारीचे रंग भरा आणि त्यावर संख्येची वर्तुळं काढा. रंगात ऑस्ट्रेलियाचं ओसाड वाळवंट डोळ्यांत भरतं आणि कुवेत शोधावं लागतं, ती अडचण वर्तुळांनी जाते. जमलं तर उलटा नकाशाही करा, कोणत्या देशात जन्मलेले किती लोक परदेशात राहतात त्याचा. २०२० मध्ये भारतात जन्मलेले असे लोक सुमारे १ कोटी ७९ लाख होते. त्यातले ३५ लाखांच्या आसपास एकट्या अमिरातीत, २७ लाख अमेरिकेत आणि २५ लाख सौदी अरेबियात. पांढरा भारत तिथे, संख्येच्या हिशोबाने, जगातला सर्वांत गडद देश होतो.