लाइन बदलायची का, ते जूनमध्ये बघू

बदलापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी मुंबईतल्या एका कॉलेजात सेकंड इयर आयटी इंजिनिअरिंगला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला उत्तम मार्क, पहिलं वर्ष सुरळीत. तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि डेटा स्ट्रक्चर्स अशा दोन केटी लागल्या, म्हणजे ते विषय राहिले, पुन्हा द्यायचे. जानेवारीपासून ती रोज सकाळी सहाची लोकल पकडते, संध्याकाळी घरी येते. परवा शेजारच्या काकूंना ती ठाण्याला तलावपाळीवर एकटीच बसलेली दिसली, आणि मग उलगडा झाला की महिनाभर ती कॉलेजात गेलेलीच नाही. विचारलं की रडते, ‘मला इंजिनिअरिंग नकोच, बीए करते’ म्हणते. वडिलांना ही नाटकं वाटतात. आईचे प्रश्न दोन: तिची लाइन बदलावी का? आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं तर पुढे नोकरीत, लग्नात अडेल का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ आहे: ‘डबा तसाच परत येतो, रविवारी दुपारपर्यंत उठत नाही, आणि एवढी मेंदीची हौस, पण मावसबहिणीच्या लग्नात कोनसुद्धा हातात घेतला नाही.’ माझं सगळं उत्तर या ओळीवर उभं आहे. ज्या मुलीला इंजिनिअरिंग नकोसं झालंय ती एम-थ्रीचं पुस्तक मिटून ठेवील. मेंदीचा कोन कशाला बाजूला ठेवील? आवडीचं, नावडीचं सगळंच एकदम फिकं पडतं तेव्हा प्रश्न लाइनचा नसतो. म्हणून लाइन बदलण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. बीएचाही नको, आणि ‘काही झालं तरी इंजिनिअरिंगच’ असा तर मुळीच नको.

हे मी एक चूक करून शिकलो आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी लगेच कल चाचणी घेतली. कशातच रस नाही, असा सपाट आलेख आला. मी त्यातला त्यात उंच दिसणारा रकाना बघून त्याला कॉमर्सला पाठवलं. तिथेही तो वर्गात जाईना. वर्ष वाया गेल्यावर कुणीतरी डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा नैराश्याचं निदान झालं आणि उपचार सुरू झाले. मन आजारी असताना घेतलेली कल चाचणी म्हणजे तापातल्या माणसाला जेवण कसं झालंय विचारणं. तेव्हापासून समोरचा झोपतो किती आणि खातो काय, हे विचारल्याशिवाय मी चाचणीचा कागद बाहेर काढत नाही.

तर आधी शरीर. सहाची लोकल म्हणजे ती पाचच्या आत उठते. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास प्रवासात, त्यातला बराचसा उभ्याने. रात्री असाइनमेंट लिहून झोपायला एक. म्हणजे जेमतेम चार तास झोप, आणि या वयाला किमान सात तास तरी लागते. शिवाय बाकीच्या मुली करतात ते तीही करत असणार: लोकलमध्ये आणि स्टेशनात स्वच्छतागृहाचे हाल, म्हणून पाणीच प्यायचं नाही. सकाळी पोटात काही नाही, दुपारी कॅन्टीनचा वडापाव नाहीतर चहा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व या तपासण्या करायच्या का ते विचारा. थायरॉइड मंदावलं किंवा रक्त कमी असलं की थकवा, झोप, उदासी, लक्ष न लागणं अगदी असंच दिसतं. पाळीबद्दलही तुम्हीच विचारा, ती आपणहून सांगणार नाही. रिपोर्टमध्ये काही सापडलं तर उत्तम, पण तेवढ्यावर ‘चला, बी-१२च होतं’ म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. दोन्ही गोष्टी एकदम असू शकतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हो, न्या, आणि याच आठवड्यात न्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्याच विषयात पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी आहे ना, ते विचारायला लाजू नका. नुसती ‘समुपदेशक’ ही पाटी कोणीही लावतो, मीही लावलेली आहे. खासगी फी झेपणार नसेल तर परळचं केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. रांग मोठी असते, सकाळी लवकर पोहोचा, आणि एकटीला पाठवू नका. औषध दिलं तर फरक दिसायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून किंवा महिन्याने ‘आता बरी आहे’ म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत.

त्याआधी, आज रात्रीच एक प्रश्न तिला सरळ विचारा: ‘बाळा, कधी जगणंच नकोसं वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायची वाट मोकळी होते. उत्तर ‘हो’ आलं तर भाषण देऊ नका, रडू नका, ऐकून घ्या. तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धोका आत्ताच आहे असं वाटलं तर ओपीडीची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. अपरात्री काय करावं सुचलं नाही तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केला, चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठी फोन केलात तरी चालतो.

नोकरीचं म्हणाल तर कॅम्पस प्लेसमेंटला कंपन्या पहिल्यांदा काय बघतात, ते मला पक्कं ठाऊक आहे: सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी, आणि लाइव्ह केटी, म्हणजे अजून न सुटलेल्या. उपचार घेतले म्हणून कुणाची संधी गेली, असं माझ्यासमोर झालेलं नाही. उपचार न घेता केटी साचत गेल्या म्हणून गेलेल्या संधी मात्र पुष्कळ पाहिल्या. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टर-रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे. ती अठरा पूर्ण आहे, त्यामुळे काही अपवाद सोडले तर तिच्या संमतीशिवाय डॉक्टर तुम्हालाही आतलं सांगणार नाहीत. त्याचा राग मानू नका, त्या भरवशावरच ती बोलेल. लग्नाचा विषय मी इथे घेत नाही. पोरगी विशीतही धड पोचलेली नाही, ताई.

कॉलेजशी बोलणं तुम्हाला अवघड वाटेल, पण तेही लवकर करा. अटेंडन्स ७५ टक्के लागते. महिना गेलाय, म्हणजे डिफॉल्टर लिस्टमध्ये तिचं नाव येणार. लिस्ट लागल्यावर आणलेलं मेडिकल सर्टिफिकेट आणि लिस्ट लागायच्या आधी दिलेला अर्ज यांत ऑफिसच्या लेखी जमीनअस्मानाचा फरक असतो. तिला विचारून, तिच्या मेंटॉरला, म्हणजे तिला नेमून दिलेल्या शिक्षकांना, भेटा. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, ‘उपचार चालू आहेत’ एवढं पुरे. कॉलेजचा समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी येतो, तेही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. कागदावर तो असेलच. मी पाहिलेल्या एका कॉलेजात त्याची केबिन फी भरायच्या रांगेला लागून होती, काचेच्या दाराची. सगळ्या वर्गाच्या देखत आत कोण जाईल? तिच्या कॉलेजात तशीच गत असेल तर बाहेरचा माणूस शोधा, त्यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नका.

डॉक्टर म्हणाले की हे सेमिस्टर झेपणार नाही, तर टर्म सोडता येते. सोडण्याआधी दोन गोष्टी ऑफिसातून लेखी घ्या: परत येताना कोणत्या वर्षात, कोणत्या अभ्यासक्रमाखाली प्रवेश मिळेल, आणि महाडीबीटीवरून (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून) तिची फी माफ झाली असेल तर खंड पडल्यावर त्याचं काय होईल. इथे गाफील राहून घरं अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. तिचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात ते, खातंही बघून ठेवा. त्यात जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, तेव्हा पहिल्या वर्षाची मेहनत लगेच बुडत नाही.

तिच्या बाबांनाही डॉक्टरांकडे सोबत न्या. ‘नाटक’ हा त्यांचा शब्द मला कठोर वाटला नाही, घाबरलेला वाटला. एवढंच त्यांना सांगा की नाटक करणारी मुलगी घरी झोपून राहते, महिनाभर पहाटे पाचला उठून डबा घेऊन निघत नाही. ती निघत होती, कारण तुम्हाला दुखवायचं नव्हतं. कॉलेजच्या गेटपर्यंत मात्र पाय जात नव्हते. आणि तलावपाळीबद्दल तिला उलटतपासणी नको. ‘तिथे काय करायचीस दिवसभर?’ हे विचारायचंच असेल तर चहा पिताना, सहज.

लाइनचं आपण जूनमध्ये बघू. तोवर उपचारांना तीन-चार महिने झालेले असतील. तिला माझ्याकडे घेऊन या, चाचणीसाठी नव्हे, गप्पा मारायला. मला तिच्याकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिल्या वर्षी प्रोग्रामिंग चाललं आणि डेटा स्ट्रक्चर्स अडलं ते कुठे? विषयात, की व्हायवाला, तोंडी परीक्षेत, इंग्रजीत उत्तर देताना? मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुली कळलेलं उत्तर गिळून गप्प बसतात आणि मग ‘मला येतच नाही’ असं स्वतःला पटवतात. तसं निघालं तर त्यावर इलाज आहे, आणि त्याला लाइन बदलावी लागत नाही. बरं वाटू लागल्यावरही ती बीएच म्हणाली, तर मी तुमच्या आणि तिच्या बाबांच्या समोर बसून तिची बाजू मांडेन.

येताना पहिल्या दोन सेमिस्टरच्या मार्कशीट आणा. आणि तिने पूर्वी काढलेल्या मेंदीचे फोटो मोबाइलमध्ये असतील, तेही.