आठवीच्या वर्गात जागतिक नागरिकत्व कसं शिकवावं?

ताई, तुमचा प्रश्न असा : प्रशिक्षणात जागतिक नागरिकत्वावर (म्हणजे दुसऱ्या देशातल्या माणसांशीही आपला संबंध आहे, या जाणिवेवर) बरंच बोललं गेलं, पण नाशिकच्या कांदापट्ट्यातल्या, निफाडकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांसमोर सुरुवात कुठून करायची? आणि देशोदेशीच्या वेशभूषेचा कार्यक्रम घेतला तर चालेल का?

वेशभूषा स्नेहसंमेलनात छान दिसते. तिने मुलांना दुसऱ्याची अडचण मात्र कळत नाही. तुम्ही कांद्यापासून सुरुवात करा.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी केली. ती उठली मे २०२४ मध्ये. डिसेंबरात बाजारात येतो लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत (साठवणुकीच्या शेडमध्ये) टिकत नाही, मिळेल त्या भावाला विकावाच लागतो. हे तुमच्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणून आधी त्यांनाच बोलू द्या. राग निघेल, निघू द्या.

मग सीमेपलीकडे न्या. बांगलादेश तेव्हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक होता. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस आपण अशीच अचानक बंदी केली, त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. ‘आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं त्या बोलल्या आणि आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितल्याचंही त्यांनी सांगितलं. हे ऐकलं की वर्ग हसतो. तिथेच विचारा : पंतप्रधानांचं भागलं, ढाक्यात रोजंदारीवर घर चालवणाऱ्या बाईने काय केलं असेल?

आता गट पाडा : शेतकरी, मुंबईतली गृहिणी, ढाक्यातलं कुटुंब, दिल्लीतला अधिकारी. शेतकऱ्याच्या मुलाला शेतकऱ्याची बाजू अजिबात देऊ नका. त्याला ढाका द्या, नाहीतर भाव आवरायची जबाबदारी असलेला अधिकारी करा. कांदा काढणाऱ्या, कापणाऱ्या मजूर बायांची बाजू मुलं हमखास विसरतात, तिचा वेगळा गट हवाच. त्यांची मुलंही त्याच वर्गात बसलेली असतात. शेजारच्या बाकावरचं घर समजून न घेता ढाका समजून घेता येतं, असं मला वाटत नाही.

गणित याच धड्यात उरका : २० रुपये किलोचा कांदा ४० टक्के शुल्क लागून केवढ्याला पडतो? कोणता पक्ष बरोबर, या वादात मात्र शिरू नका. गावात ते लगेच पेटतं.

परदेशी शाळेशी व्हिडिओ कॉल जमला तर उत्तमच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत असताना रणजितसिंह डिसले गुरुजी (२०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी) यांनी असे धागे कुठवर नेता येतात ते दाखवलंय. पण मुलांकडे विचारायला खरा प्रश्न असेल तेव्हाच कॉल करा, नाहीतर हात हलवण्यापलीकडे काही होत नाही.

मूल्यमापनात व्याख्या विचारू नका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं दहा ओळींत लिहायला सांगा. त्या बाजूचा माणूस ते वाचून ‘हो, हेच म्हणायचंय मला’ म्हणेल का, एवढंच तपासा.

पुढच्या आठवड्यात विदर्भातली संत्री घ्या. तिथे उलट घडलं : बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं आणि आपल्या बागायतदारांची निर्यात आटली. कांद्याच्या वेळी ‘आपला माल, आपली मर्जी’ म्हणणाऱ्या मुलांना हा प्रश्न आधी द्या.