विंडोज टाकताना ४२ टक्क्यांवर एरर येते, हार्ड डिस्क बदलावीच लागेल का?

म्हणजे पाचोऱ्याच्या घरचा जुना डेस्कटॉप, ५०० जीबीची डिस्क, विंडोज १० टाकायला घेतलं की ४०-४२ टक्क्यांवर अडकतं आणि शेवटी ०४५डी असलेला कोड येतो. दुकानदार म्हणतो डिस्क गेली. डी ड्राइव्हवर बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, असा तुमचा प्रश्न.

भुसावळात माझं रिपेरिंगचं काम आहे, हा कोड महिन्यातून दोन-तीनदा तरी भेटतो. डिस्क गेलेली असेलही, पण कोड तसं म्हणत नाही. वाचायला किंवा लिहायला गेलो, समोरून नीट उत्तर आलं नाही, एवढंच तो सांगतो. समोर पेन ड्राइव्हही असू शकतो, केबलही आणि डिस्कही.

आधी फोटो. तोवर सेटअपमध्ये 'फॉरमॅट' किंवा 'डिलीट' दाबू नका, आणि कुणी 'चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) मारून बघू' म्हटलं तरी नको म्हणा. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास चेकडिस्क चालवणं म्हणजे तापानं फणफणलेल्याला मे महिन्याच्या उन्हात पळवणं. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) टाका, काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालू करा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या.

मिंटमध्येच 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम असतो. तुमची डिस्क निवडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, उघडा. ओळी भरपूर दिसतील, पण तीनच बघायच्या: ५, १९७ आणि १९९. पाच म्हणजे डिस्कनं स्वतःच बाद करून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निकालासाठी ताटकळत ठेवलेले. १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वाटेत बिघडलेला डेटा, आणि यात दोष बहुतेक वेळा केबलचा निघतो.

धरणगावकडच्या एका जिनिंगच्या हिशेबाचं मशीन असंच आलं होतं. कॅबिनेट उघडलं तर आत कापसाची बारीक पिंजण बोटभर साचलेली. मुनीमजी काळजीनं म्हणाले, "मरी गई का भो डिस्क?" पाच शून्य, १९७ शून्य आणि १९९ हजाराच्या वर. लाल साटा केबल, क्लिप नसलेली, बोट लावलं की हलायची. शंभर रुपयांच्या आतली केबल बदलली आणि विंडोज पहिल्या फटक्यात बसलं. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, म्हणून घाबरू नका. तो पुढे वाढता कामा नये, एवढंच.

१९७ मात्र शून्य नसेल तर जरा थांबा. तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते? डिस्क लिहीत असताना वीज गेली तर सेक्टर अर्धवट राहतो आणि तोही इथेच मोजला जातो, प्रत्यक्षात पृष्ठभाग ठीक असतो. फोटो निघाले असतील तरच पुढचं करा: विंडोजच्या सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबा, उघडेल त्या काळ्या खिडकीत एकेक कमांड टाइप करा: 'डिस्कपार्ट', 'लिस्ट डिस्क', आकार बघून बरोबर डिस्क निवडा, मग 'क्लीन ऑल'. अख्खी डिस्क शून्यांनी भरते, ५०० जीबीला दीड-दोन तास धरा, आणि त्यातलं काहीही परत येत नाही. नंतर १९७ शून्यावर आला आणि पाच जागचा हलला नाही, तर डिस्क अजून चालेल. पाच वाढला तर दुकानदार बरोबर होता. मग छोटी एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवाली डिस्क) घ्या, जुनी फिरती डिस्क पुन्हा घेऊ नका.

तिन्ही आकडे स्वच्छ असतील तर संशय पेन ड्राइव्हवर. एरर कधी १२ टक्क्यांवर, कधी ६० वर, अशी जागा बदलत असेल तर जास्तच. दुसरा पेन ड्राइव्ह नव्यानं तयार करा आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची वायर जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा सैल झालेली असते. तरीही तेच झालं तर रॅमची एकेक पट्टी काढून बघा.

आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरी फक्त फोटो, यूट्यूब आणि फॉर्म भरणं एवढंच असेल तर फोटो काढायला चालू केलेलं ते मिंटच मी ठेवलं असतं.

तिन्ही आकडे कळवा, मग केबल घ्यायची की डिस्क ते सांगतो.