किट कारसाठी (सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडलेल्या गाडीसाठी) मागचे एलईडी दिवे निवडताना

जुन्या दिव्यांच्या खोक्यात नुसते एलईडी बल्ब बसवू नका. त्यातले रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश परतवणारे चकचकीत भाग, जुन्या बल्बमधल्या फिलामेंटच्या जागेनुसार घडवलेले असतात, त्यामुळे प्रकाश भलतीकडेच पसरतो. पूर्ण सीलबंद दिवाच घ्या. काचेवर गोलातला 'ई' आणि त्याशेजारी आकडा, म्हणजे मान्यतेची खूण, आहे का ते बघा. ती नसेल तर स्वस्त मिळाला तरी सोडा. नोंदणीच्या तपासणीत गाडी तिथेच अडकू शकते.

ब्रेक दाबल्यावरचा उजेड टेल लाइटपेक्षा ठळकपणे जास्त हवा. हे भर उन्हात, थोडं बाजूला उभं राहून तपासा. मागच्या चालकाला फरक कळलाच नाही तर दिवा कितीही देखणा असून काय उपयोग? लाल परावर्तक दिव्यात नसेल तर वेगळा लावावा लागेल.

इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागले तर घाबरू नका. २१ वॅटच्या बल्बच्या मानाने एलईडी फारच कमी करंट ओढतो, म्हणून जुन्या फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, बल्ब गेल्यासारखं वाटतं. करंट वाढवायला सोबत रेझिस्टर लावता येतो, पण तो चांगलाच तापतो. मी तरी एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच घ्यायला सांगेन.

आणि बॉडी फायबरची असेल तर तिच्यातून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर थेट चासीपर्यंत न्या.