जहाजावर एकाला क्षयरोग, तपासणी मात्र सगळ्यांची?

प्रश्न : मुलगा नौदलात आहे. जहाजावर एकाला फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. मुलाचं त्याच्याशी बोलणंही नव्हतं, झोपायचा बंकही दुसऱ्या कप्प्यात. पहिली चाचणी निगेटिव्ह आली, तरी दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. कशासाठी?

उत्तर : क्षयरोग ताट-वाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. रुग्ण खोकला की उडालेल्या थेंबांतलं पाणी वाळून जातं आणि जंतू असलेले १ ते ५ मायक्रॉनचे कण तासन्‌तास तरंगत राहतात. वातानुकूलित जहाजात बरीचशी हवा पुन्हापुन्हा फिरवली जाते, त्यामुळे हवेची नळी (डक्ट) जिथवर जाते तिथवर हे कण पोहोचू शकतात. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या ‘रिचर्ड ई. बर्ड’ या युद्धनौकेवर हेच घडलं. आधी ट्युबरक्युलिन चाचणी (संसर्ग ओळखणारी त्वचेची चाचणी, हिलाच मॅंटू म्हणतात) निगेटिव्ह असलेल्या ३०८ जणांपैकी १४० जण पॉझिटिव्ह झाले. रुग्णाच्या झोपण्याच्या कप्प्यात प्रमाण सर्वांत जास्त होतं, पण हवेच्या यंत्रणेने जोडलेल्या दुसऱ्या कप्प्यातही ते मोठं होतं. म्हणून अशा तपासात मित्रमंडळींच्या यादीइतकाच हवेच्या मार्गांचा नकाशाही महत्त्वाचा. तुमच्या मुलाचं नाव यादीत आलं, ते यामुळेच.

तपासाची सुरुवात थुंकीपासून होते. रुग्णाच्या थुंकीत जंतू दिसले किंवा त्याला खोकला असला, तर लक्षणं सुरू होण्याच्या ३ महिने आधीपासून तो संसर्गजन्य होता असं धरतात. त्या काळात त्याचा बंक, ड्यूटी, मेस कुठे होती आणि जहाजावरून बदलून कोण गेलं, हे सगळं नोंदवतात. बदलून गेलेले लोक हमखास निसटतात. त्यांच्या नव्या तुकडीला कळवलं नाही, तर तपास अर्धवट राहतो.

दुसऱ्या चाचणीचं कारण असं : संसर्ग झाल्यावर शरीराची प्रतिक्रिया चाचणीत दिसायला २ ते ८ आठवडे लागतात. म्हणून शेवटच्या संपर्कानंतर ८ ते १० आठवड्यांनी पुन्हा पाहतात. पहिल्या निगेटिव्हवर निर्धास्त होऊ नका. ही तारीख अजिबात चुकवू नये.

प्रश्न : मॅंटू चाचणीत हात लाल झाला. म्हणजे क्षयरोग झाला का?

उत्तर : नाही. या चाचणीत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेलं द्रव्य, ०.१ मिली त्वचेच्या थरातच टोचतात, खाली गेलं तर निकाल बिघडतो. ४८ ते ७२ तासांनी लाली मोजायची नसते. बोटांनी चाचपून कडक उंचवट्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची असते. रुग्णाच्या संपर्कातल्यांमध्ये ५ मिमी किंवा जास्त पॉझिटिव्ह धरतात. आपल्याकडे लहानपणीच्या बीसीजी लशीमुळेही उंचवटा येऊ शकतो. शंका असल्यास इग्रा ही रक्तचाचणी करतात, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे जंतू शरीरात शिरलेत, आजार झालाच असं नाही. मात्र छातीचा एक्स-रे आणि लक्षणांची चौकशी आधी झाली पाहिजे. आजार नाही हे ठरल्यावरच प्रतिबंधक उपचार देतात : रोज आयसोनियाझिड ६ महिने, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड व रिफापेंटिन असे १२ डोस. हा क्रम उलटा झाला, तर खऱ्या रुग्णाला अपुरं औषध मिळतं आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.