दिव्यांगांसाठी समाजाने नेमकं कुठपर्यंत जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिव्यांगांना सामावून घ्यायला हवं हे मान्य, पण प्रत्येकासाठी सगळीकडे सोय करत बसलं तर त्याला अंत कुठे? कुठेतरी रेघ ओढायला नको का?

ओढायला हवी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी स्वतः त्यातलाच आहे आणि हा आता "सगळं हवंच" म्हणणार असं तुम्हाला वाटेल. माझा डावा कान लहानपणीच गेला, उजव्या कानात मशीन आहे. मशीन म्हणजे कानाचा चष्मा असा लोकांचा समज असतो. तसं नाही. मशीनमुळे सगळंच मोठं होतं: समोरच्याचं बोलणं, पंखा, मागे कुणीतरी सरकवलेली खुर्ची. सहा जणांच्या मीटिंगमध्ये थोडं ऐकू येतं, थोडं ओठांवरून कळतं, बाकी अंदाज. "काय म्हणालात?" असं पहिल्यांदा विचारलं की लोक परत सांगतात. दुसऱ्यांदा जरा ओरडून सांगतात. तिसऱ्यांदा म्हणतात, "जाऊ दे, विशेष काही नव्हतं." ते विशेष नसलेलं बाकी पाच जणांनी ऐकलेलं असतं.

"किती करायचं" म्हणताना आपण सोयीचा खर्च तेवढा मोजतो. दर वेळी मागावं लागण्याचा खर्च कुणाच्याच हिशोबात धरलेला नसतो.

तुमची रेघ तर कायद्यातही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात "रिझनेबल अकॉमोडेशन" म्हणजे वाजवी सोय अशी कल्पना आहे, आणि तिच्या व्याख्येतच म्हटलंय की करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. दोन माणसांच्या दुकानाला जो बोजा होईल तो मोठ्या बँकेला होणार नाही, म्हणून एकच आकडा सांगता येत नाही. मात्र ही मर्यादा एका माणसाने मागितलेल्या सोयीला आहे. नवी इमारत, नवी वेबसाइट, नवं स्थानक मुळातच सर्वांना वापरता येईल असं बांधणं ही वेगळी गोष्ट, ती कुणी मागण्याची वाट बघत थांबायची नाही. या दोन्हींची गल्लत झाली की "प्रत्येकासाठी किती करायचं" असा वैताग येतो. आधीच नीट बांधलं तर मागणारे पुष्कळ कमी होतात.

रेघ नेमकी कुठे, यासाठी मला केसी मार्टिनचा खटला आवडतो. (गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरीही.) हा अमेरिकन गोल्फर. पायाच्या रक्ताभिसरणाच्या विकारामुळे त्याला मैदानभर चालणं धोक्याचं होतं, म्हणून त्याने छोटी गाडी वापरू द्या अशी मागणी केली. आयोजक म्हणाले, चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग आहे. 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. गोल्फचा गाभा चेंडू मारण्यात आहे, चालण्यात नाही. त्यातून गाडी घेऊनही मार्टिन इतरांपेक्षा जास्तच थकत होता. पण उद्या कुणी म्हणालं की माझ्यासाठी चेंडूचं भोक मोठं करा, तर नाही म्हणावं लागेल. कामाचा गाभा बदलत असेल तिथे थांबायचं. मात्र "आमच्याकडे असंच चालतं" म्हणजे गाभा नव्हे, आणि नकार देणारे बहुतेक वेळा त्यालाच गाभा समजतात.

आता एका लाडक्या युक्तिवादाबद्दल, जो माझ्या बाजूचा असूनही मला पटत नाही: "दिव्यांगांसाठी केलेलं शेवटी सगळ्यांच्याच कामी येतं." उदाहरणं खरी आहेत. टीव्हीवरच्या कॅप्शनसाठी, म्हणजे बोलणं पडद्यावर अक्षरांत दिसावं म्हणून, पूर्वी वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. अमेरिकेने 1990 मध्ये कायदा केला आणि 1993 पासून 13 इंच व त्याहून मोठ्या टीव्हीत ती सोय आतच आली. आज चांगले ऐकू येणारेही मोबाइलचा आवाज बंद ठेवून कॅप्शन वाचतात. छान. पण सांकेतिक भाषेचा दुभाषी कधीकधी एकाच माणसासाठी उभा असतो, त्याचा दुसऱ्या कुणालाही काडीचा उपयोग नसतो. मग काय, नको?

आणि खरी अडचण पैशांच्या पलीकडची असते. व्हीलचेअरसाठी फूटपाथची कड उतरती केली की पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला फूटपाथ संपून रस्ता कुठे लागला ते कळेनासं होतं. म्हणून तिथे उंचवट्यांच्या फरशा बसवतात. सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि 1967 मध्ये जपानमधल्या ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. पण त्याच उंचवट्यांवर व्हीलचेअरला हादरे बसतात. एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय होते, आणि तोडगा दोघांना सोबत बसवून विचारल्याशिवाय निघत नाही.

शेवटी माझा एक अनुभव. काही सभागृहांत जमिनीखाली तारेचं वेटोळं असतं. कानातल्या मशीनची "टी" ही सेटिंग लावली, म्हणजे मशीन "टी" वर टाकलं, की त्या तारेतून माइकचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटाशिवाय थेट कानात येतो. अशाच एका सभागृहात भिंतीवर कानाचं चिन्ह दिसलं. मी मशीन "टी" वर टाकलं, तर शुकशुकाट. तिथल्या माणसाला विचारलं. "हो हो, बसवलंय ना!" म्हणत त्याने मला एका कपाटापाशी नेलं. ॲम्प्लिफायरचा प्लग काढून तिथे कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. त्याने बिचाऱ्याने लगेच प्लग लावला, आणि वक्ता शेजारी बसून बोलावा तसा ऐकू यायला लागला. तार, यंत्र, पाटी, सगळा खर्च कधीच होऊन गेला होता.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा प्लग पुन्हा काढलेला होता.