काय पाहायचे ते आधी ठरव

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

परवा फर्मागुढीला तू दाखवलेला विश्लेषक, म्हणजे प्रोग्रॅम न चालवताच त्याच्या उत्तरांबद्दल सांगणारे तुझे साधन, ‘प्रत्येक उत्तर ग्राउंडच (एकही मोकळा चल नसलेले) येणार’ असे छातीठोकपणे सांगतो आणि प्रोलॉग ही तर्काधारित प्रोग्रॅमिंग भाषा मात्र चल मोकळा ठेवून उत्तर देते, म्हणून तू अपवादांची ठिगळे लावायला निघाली आहेस. ते आधी थांबव. काय पाहायचे ते कागदावर लिहिल्याशिवाय प्रोग्रॅमचा अर्थ (त्याच्या वागण्याची गणिती व्याख्या) निवडता येत नाही, आणि अर्थ निवडल्याशिवाय विश्लेषक लिहायचा नसतो.

भाषेत ‘ए’ हा एकच स्थिरांक आहे, फलनचिन्ह एकही नाही, असे धर. ‘पी(एक्स)’ आणि ‘पी(ए)’ या दोन एकोळी प्रोग्रॅमांचे लघुतम हर्ब्रांड मॉडेल, म्हणजे प्रोग्रॅममधून निघणाऱ्या चल नसलेल्या विधानांचा संच, तंतोतंत सारखे. पण ‘पी(वाय)’ विचारले की पहिला प्रोग्रॅम वाय मोकळाच सोडतो, दुसरा त्याला ‘ए’ देतो. व्हॅन एम्डेन आणि कोवाल्स्की यांनी १९७६ मध्ये मांडलेला हा लघुतम मॉडेलाचा अर्थ तार्किक निष्कर्षांसाठी चोख आहे. मात्र त्यात चल मुळी उरतच नाहीत, तेव्हा चल बांधला गेला का, हे त्याला विचारून काय मिळणार? चलांसकट उत्तरे टिपणारा अर्थ फालास्की, लेवी, मार्तेल्ली आणि पालामिदेस्सी यांनी १९८९ मध्ये दिला. तुला तो हवा.

त्यावर पॅट्रिक आणि राधिया कूझो यांची १९७७ ची अमूर्तीकरणाची (नेमकी उत्तरे सोडून हवा तेवढाच गुण पाहण्याची) चौकट बसव आणि अपेंड, म्हणजे एक्स आणि वाय या याद्या जोडून झेड देणारा प्रोग्रॅम, हाताने सोडव. पहिल्या फेरीत एक्स ग्राउंड, आणि वाय व झेड एकमेकांच्या बरोबरीने. दुसऱ्या फेरीत झेड ग्राउंड तेव्हाच, जेव्हा एक्स आणि वाय दोन्ही ग्राउंड, आणि उलटही. तिसऱ्या फेरीत काहीच बदलत नाही. एवढाच तुझा स्थिरबिंदू. यासाठी यंत्र कशाला लागते?

तुझे मार्गदर्शक आणखी चाचण्या घे म्हणतात. घे, पण नंतर. सिद्धतेविना विश्लेषकावर नाव लावायला मी नकार दिला तेव्हा विभागात हट्टी ठरलो, बढती लांबली आणि हाताशी आलेली चांगली मुले बंगळूरला निघून गेली. त्या मुलांची चुटपुट अजून आहे. तरी नकार योग्यच होता. विश्लेषकाने खोटी खात्री दिली की कंपायलर त्या भरवशावर युनिफिकेशनचा (दोन पदे जुळवून चल बांधण्याच्या कामाचा) काही भाग गाळतो आणि प्रोग्रॅम मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. हे विभागाच्या बैठकीत मी कितीदा सांगावे?

चवथ झाली की फोंड्याला ये. काय पाहायचे ते एका वाक्यात, त्याखाली अपेंडच्या तिन्ही फेऱ्या, एवढे वहीत लिहून आण. लॅपटॉप घरीच ठेव.

कळावे.